एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरची गुंडाळी : एका ॲम्बॅसडरची दीड वर्षे

आमच्या घरची ॲम्बॅसडर १९८४ सालची, मार्क ४, १४८९ सीसीच्या पेट्रोल इंजिनाची आहे. वडिलांनी ती नवी घेतली, निवृत्त होईपर्यंत वापरली आणि नंतर ती माझ्याकडे नागपूरला आली. तिच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, म्हणजे सिलिंडरांमधला धूर गोळा करून सायलेन्सरच्या पाइपात सोडणाऱ्या फाट्यांच्या नळीवर, मी काचतंतूंची उष्णतारोधक पट्टी का गुंडाळली, त्या पट्टीने पहिले वर्षभर काय दिले आणि दीड वर्षाने ती कापून काढल्यावर आत काय सापडले, याची ही नोंद आहे. गुंडाळीचे फायदे खरे आहेत आणि तोटेही खरे आहेत. पण ते कोणत्या धातूवर, कोणत्या हवेत आणि किती चालणाऱ्या गाडीवर, हे न पाहता दिलेला सल्ला कसा महागात पडतो, ते या एका गाडीत मला पुरेपूर दिसले.

आधी इंजिनाच्या रचनेविषयी सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचे सगळे त्यातूनच घडले. हे इंजिन मूळचे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी’ मालिकेतले. त्याच्या हेडला, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाला, एकूण पाच पोर्ट (वाटा) असतात : मिश्रण आत घेणारे दोन आणि धूर बाहेर सोडणारे तीन. पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरला धुराचा स्वतंत्र पोर्ट मिळतो, तर दुसरा आणि तिसरा सिलिंडर मधला पोर्ट वाटून घेतात. हे पाचही पोर्ट हेडच्या एकाच अंगाला आहेत. त्यामुळे इनलेट आणि एक्झॉस्ट हे दोन्ही मॅनिफोल्ड एकमेकांना लागून, एकाच गास्केटवर (सांधा बंद ठेवणाऱ्या पातळ थरावर) बसतात. हेडमधल्या काही स्टडवर (आट्यांच्या खुंट्यांवर) तर एकच जाड वॉशर दोन्ही मॅनिफोल्डच्या फ्लँजवर (हेडला टेकणाऱ्या चपट्या कडेवर) अर्धा-अर्धा टेकतो आणि एका नटाने दोघांनाही दाबून धरतो. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करणाऱ्या कार्ब्युरेटरची जागा या तापलेल्या शेजाऱ्याच्या अगदी वर येते. थंड प्रदेशात ही मांडणी सोयीचीच होती, कारण गार इनलेटमध्ये पेट्रोलची वाफ नीट होत नाही आणि थोडी ऊब मिळाली की इंजिन लवकर सुरळीत चालू लागते. विदर्भाच्या मे महिन्यात मात्र ऊब ही काही कमी पडणारी वस्तू नव्हे.

मूळचा ओतीव लोखंडी मॅनिफोल्ड एका डिसेंबरात टोकाच्या फ्लँजजवळ तडकला. बिडाची वेल्डिंग दोनदा करून पाहिली. दोन्ही वेळा जोडाच्या शेजारी नवी चीर आली. तसाच दुसरा मॅनिफोल्ड तेव्हा मिळेना, म्हणून एका फॅब्रिकेटरकडून साध्या एम.एस. (माइल्ड स्टील) पाइपचा तीन फाट्यांचा हेडर, म्हणजे पाइप जोडून केलेला मॅनिफोल्ड, करून घेतला. पाइपच्या भिंतीची जाडी १.६ मिलिमीटर होती. काम नीटनेटके दिसत होते, आवाज किंचित मोकळा झाला, आणि हिवाळाभर गाडीने काहीही त्रास दिला नाही.

एप्रिल उजाडला आणि त्रास सुरू झाला. गाडी चालत असताना ठीक असे. पण वर्धा रोडवर पाऊण तास चालवून दहा-पंधरा मिनिटे थांबवली आणि पुन्हा किल्ली फिरवली, की स्टार्टर फिरत राही आणि इंजिन लागत नसे. बॉनेट उघडले की पेट्रोलचा भपका येई. नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या सर्वात कडक उन्हाच्या, दिवसांत तर सिग्नलवर उभ्या उभ्या इंजिन घुटमळून बंद पडू लागले. पेट्रोल पंपावर ओले फडके टाकून बसण्याचा जुना उपाय केला. पंप गार झाला तरी गाडी लगेच लागेना, त्यावरून उकळी पंपापेक्षा कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये (पेट्रोल साठवणाऱ्या कप्प्यात) फुटते आहे, असा अंदाज बांधला. तो बरोबर होता. पेट्रोल हा एकच पदार्थ नसून अनेक घटकांचे मिश्रण आहे आणि त्यातले हलके घटक ४० अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळू लागतात. आता आपल्याकडे मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉलही असते. शुद्ध इथेनॉल ७८ अंशांना उकळते. परंतु पेट्रोलच्या हलक्या घटकांबरोबर मिसळल्यावर त्या मिश्रणाचा बराच मोठा भाग ७० अंशांच्या आतच वाफ होऊन निघून जातो. इंजिन बंद झाले की पंखा थांबतो, पाणी फिरायचे थांबते, ताजे पेट्रोल यायचे थांबते, आणि खालचा तापलेला हेडर मात्र वर उष्णता सोडतच राहतो. चेंबरमधले पेट्रोल उकळून इनलेटमध्ये सांडते, मिश्रण जळण्याजोगे राहत नाही, आणि गाडी लागत नाही.

ओतीव मॅनिफोल्डच्या काळात हे इतके का होत नव्हते, हा प्रश्न मी तेव्हाच विचारायला हवा होता. तो मी विचारला नाही. हेडरचा पातळ पाइप लवकर तापतो आणि जास्त उष्णता फेकतो, एवढ्या स्पष्टीकरणावर समाधान मानले आणि मे महिन्यात पट्टी मागवली.

पट्टी दोन इंच रुंदीची, काचतंतूंची विणलेली होती. गुंडाळण्याची पद्धत सोपी असली तरी तिच्यात घाई चालत नाही. हेडर गाडीतून काढून घेतला, तारेच्या ब्रशने साफ केला, पट्टी पाण्यात भिजवली म्हणजे ती पाइपच्या वळणावर घट्ट बसते आणि तिचे तंतू कमी उडतात. मग फ्लँजकडून सुरुवात करून प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर साधारण पाव इंच चढवत खाली आलो आणि टोके स्टेनलेस स्टीलच्या टायने आवळली. हातात मोजे, अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, नाकातोंडावर मास्क आणि डोळ्यांवर गॉगल हवाच, कारण काचेचे बारीक तंतू कातडीत रुततात आणि दिवसभर चरचरत राहतात. पहिल्यांदा इंजिन तापल्यावर गुंडाळीतून बराच धूर निघाला. पट्टी विणताना तंतूंवर लावलेले चिकट द्रव्य जळते त्याचा तो धूर असतो. दोन-तीन वेळा गाडी तापून थंड झाली की थांबतो.

येथे एक गोष्ट विषयाच्या कडेची असली तरी जुन्या गाड्यांच्या मालकांसाठी फार महत्त्वाची आहे. जुन्या गाडीच्या सायलेन्सरच्या पाइपवर किंवा मॅनिफोल्डजवळ राखी रंगाची दोरी किंवा पट्टी आधीपासूनच असेल, तर ती ॲस्बेस्टॉसची असू शकते. ती कोरडी खरवडू नये, कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये, मुलांच्या हाती लागू देऊ नये. त्या धुळीतले तंतू फुप्फुसात जाऊन कित्येक वर्षांनी कर्करोग घडवतात. काचतंतूंची चरचर त्यापुढे काहीच नाही.

गुंडाळीचा परिणाम पहिल्याच आठवड्यात जाणवला. बॉनेटमधून येणारी धग स्पष्ट कमी झाली, पायाशी पोहोचणारी उष्णताही कमी झाली, आणि थांबून पुन्हा सुरू करण्याचा त्रास पूर्ण गेला नसला तरी आठवड्यातून एखाद्या वेळेवर आला. त्यामागचे गणित साधे आहे. तापलेला पृष्ठभाग प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपाने, जी उष्णता फेकतो ती निरपेक्ष (उणे २७३ अंशांपासून मोजलेल्या) तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. गंजट पोलादी पाइपचा पृष्ठभाग ५०० अंशांना असेल तर तो प्रत्येक चौरस मीटरमागे सुमारे १६ किलोवॅट उष्णता फेकतो. गुंडाळीचा बाहेरचा पृष्ठभाग २५० अंशांवर असेल तर हाच आकडा ४ किलोवॅटच्या खाली येतो. माझ्या हेडरच्या तिन्ही फाट्यांची मिळून लांबी दीड मीटरच्या आसपास आणि व्यास ३८ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ अदमासे ०.१८ चौरस मीटर. उघडा असताना तो बॉनेटखाली सुमारे ३ किलोवॅट, म्हणजे न्हाणीघरातल्या दीड गिझरएवढी उष्णता फेकत होता. गुंडाळल्यावर ती पाऊण किलोवॅटच्या आसपास आली. ज्या गाडीत कार्ब्युरेटर थेट या पाइपांच्या वर बसलेला आहे, तिथे हा फरक कोणालाही जाणवणारच.

ताकदीविषयी जे दावे केले जातात त्यांच्याकडे मात्र अधिक काटेकोरपणे पाहावे लागते. धूर गरम राहिला की तो वेगाने वाहतो आणि सिलिंडर चांगला रिकामा होतो, हे तत्त्व चुकीचे नाही. वायूतला ध्वनीचा वेग निरपेक्ष तापमानाच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. धूर ६०० ऐवजी ७०० अंशांवर राहिला तर त्यातल्या दाबलहरींचा वेग साधारण ५ ते ६ टक्क्यांनी वाढतो. ज्या इंजिनाच्या हेडरची लांबी विशिष्ट फेऱ्यांसाठी मोजूनमापून ठरवलेली असते, त्याला या फरकाचा उपयोग करून घेता येतो. माझ्या इंजिनात दोन सिलिंडर एकाच पोर्टमधून धूर सोडतात आणि गाडी सहसा ६० ते ७० किलोमीटरच्या वेगाने चालते. तिथे हा लाभ हाताला लागत नाही. आत येणारी हवा गार झाल्याने मिळणारा लाभ त्यापेक्षा मोठा असू शकतो. कार्ब्युरेटरला ७० अंशांची हवा मिळण्याऐवजी बाहेरची ४५ अंशांची मिळाली, तर हवेची घनता सुमारे ८ टक्क्यांनी वाढते. पण गुंडाळीने बॉनेटखालची हवा बाहेरच्या हवेइतकी गार होत नाही. तो लाभ पूर्ण हवा असेल तर जाळीच्या मागून एअर क्लीनरपर्यंत एक नळी आणणे हाच सरळ मार्ग आहे, आणि त्याला एक्झॉस्टला हात लावावा लागत नाही.

या पहिल्या यशात मी एका मोजमापाने स्वतःची फसवणूक करून घेतली. इन्फ्रारेड थर्मामीटर गुंडाळीवर रोखला की पूर्वीच्या उघड्या पाइपच्या निम्म्याच्या आसपास आकडा दिसे, आणि तो पाहून ‘हेडर गार झाला’ असे मी समजत असे. प्रत्यक्षात गार झाला होता तो गुंडाळीचा बाहेरचा पृष्ठभाग. धूर पूर्वीइतकाच गरम होता आणि पाइपच्या भिंतीतून बाहेर पडणारी उष्णता आता अडवली गेली होती. तेव्हा पाइपचा धातू धुराच्या तापमानाच्या जवळ चढणार, हे अपरिहार्य होते. उघडा पाइप आतून तापतो आणि बाहेरून निवतो, त्यामुळे त्याचे तापमान धूर आणि बाहेरची हवा यांच्या मध्ये कुठेतरी स्थिरावते. गुंडाळलेल्या पाइपला निवायला जागाच उरत नाही. गुंडाळी उष्णता नाहीशी करत नाही. ती उष्णतेची वाट बदलते : बॉनेटखाली जाणारी उष्णता धातूत राहते आणि धुराबरोबर पुढच्या पाइपात जाते. बॉनेटखालच्या वस्तूंसाठी ही चांगली बातमी आहे, हेडरसाठी नाही.

साध्या पोलादाला हे फार काळ सोसत नाही. ५५० अंशांच्या पुढे त्याच्यावर ऑक्साइडचे पापुद्रे झपाट्याने धरू लागतात, पापुद्रा सुटला की खालचा ताजा धातू उघडा पडतो आणि पुन्हा नवा पापुद्रा धरतो. ६०० अंशांवर साध्या पोलादाची मजबुती सामान्य तापमानाच्या निम्म्याहूनही कमी उरते. शिवाय अर्धा मीटर लांबीचा पाइप एवढा तापला की ४ मिलिमीटरच्या आसपास लांबतो, आणि हेडला आवळलेल्या जाड फ्लँजपाशी त्याला लांबायला मोकळीक नसते. गुंडाळी फ्लँजच्या अलीकडे संपते, म्हणजे एक भाग अतिशय तापलेला आणि त्याला लागूनच दुसरा तुलनेने गार, अशी सीमारेषा नेमकी वेल्डच्या शेजारी तयार होते. माझा हेडर पुढे तिथेच फुटला. अनेक हेडर उत्पादक गुंडाळी केल्यास हमी देत नाहीत, त्याचे कारण हेच आहे.

पहिले वर्ष नागपुरात गेले. तिथला पावसाळाही गाडीने पाहिला. पण तेव्हा मी रोज कामावर गाडीने जात होतो, जाऊन-येऊन तासाभराचा प्रवास होई, आणि गुंडाळीत शिरलेले पाणी त्याच दिवशी वाळून जाई. पुढच्या जूनमध्ये माझी बदली रत्नागिरीला झाली. मी गाडी चालवतच नेली. आंबा घाट चढताना आणि नंतर उतरून साखरप्याला थांबल्यावर गाडी एकदाही अडली नाही, आणि गुंडाळीचा निर्णय योग्यच होता अशी माझी खात्री त्या दिवशी अधिक पक्की झाली.

रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. हवेत समुद्राचे मीठ असते. घर कार्यालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर होते, त्यामुळे गाडी आठ-आठ, कधी पंधरा-पंधरा दिवस उभी राही, आणि निघाली तरी बाजारापर्यंत दहा मिनिटे चालून परत येई. गुंडाळीसाठी याहून वाईट वापर सांगता येणार नाही. काचतंतू स्वतः कुजत नाहीत. पण त्यांची वीण दिव्याच्या वातीसारखी पाणी ओढून घेते आणि धरून ठेवते. चाकांनी उडवलेले पाणी खालच्या बाजूने शिरते, मीठ आत राहते, आणि दहा मिनिटांच्या फेरीत हेडर एवढाच तापतो की पाणी वाफेच्या रूपाने थोडे निघते, बाकीचे कोमट होऊन धातूला चिकटून राहते. कोमट, खारट, हवेशीर ओलावा म्हणजे गंजासाठी तयार केलेली जागाच. त्या पावसाळ्यात गाडी सुरू केल्यावर बॉनेटच्या फटींतून वाफ येई आणि ओल्या पोत्यासारखा वास येई. मला तो दोष न वाटता गुंडाळी वाळते आहे असे वाटले.

स्टेनलेस स्टीलचा हेडर असता तर ही वेळ आली नसती, असे कोणी म्हणेल. ते अर्धेच खरे आहे. नेहमीच्या ३०४ जातीचे स्टेनलेस ऑक्साइडच्या पापुद्र्यांना साध्या पोलादापेक्षा कितीतरी चांगले तोंड देते. पण साधारण ४२५ ते ८५० अंशांच्या पट्ट्यात फार काळ राहिल्यास त्यातले क्रोमियम कार्बनशी संयोग पावून कणांच्या सीमांवर जमा होते, आणि त्या सीमांलगतच्या धातूचे गंजापासूनचे संरक्षण घटते. त्यावर खारे पाणी धरून ठेवले तर क्लोराइडमुळे चिरा पडण्याचा धोका असतो. शिवाय ३०४ जातीचे स्टेनलेस तापल्यावर साध्या पोलादाहून बरेच जास्त प्रसरण पावते, म्हणजे वेल्डवरचा ताण आणखी वाढतो. टायटॅनियम मिसळलेली ३२१ जात या कामाला अधिक योग्य असते, पण सामान्य फॅब्रिकेटरकडे ती सहसा नसते.

दुसरा इशारा सप्टेंबरात मिळाला आणि तो गंभीर होता. एका चढावर बॉनेटमधून निळसर धूर आला. थांबून पाहिले तर टॅपेट कव्हरच्या (व्हॉल्व्हच्या यंत्रणेवरील झाकणाच्या) कॉर्क गास्केटमधून पाझरलेले ऑइल हेडरवर ठिबकत होते आणि पहिल्या फाट्याची गुंडाळी हाताच्या पंजाएवढ्या भागात काळी, तेलकट झाली होती. उघड्या पाइपवर ऑइलचा थेंब पडला तर तो जळून धूर होतो आणि संपतो. गुंडाळीत तो शोषला जातो, साठत जातो, असंख्य तंतूंवर पातळ थराने पसरतो, हवेशी त्याचा संयोग होत राहतो आणि त्यातून निघणारी उष्णता बाहेर जाऊ शकत नाही. अशा सच्छिद्र आवरणात मुरलेले तेल मोकळ्या तेलाच्या मानाने बऱ्याच कमी तापमानाला आपोआप पेट घेऊ शकते. कारखान्यांतल्या वाफेच्या आणि गरम तेलाच्या गुंडाळलेल्या नळ्यांवर अशा आगी लागतात, हे त्या क्षेत्रातल्या लोकांना चांगले ठाऊक आहे. जुन्या इंजिनातून ऑइल थोडेफार पाझरणे आपण गृहीत धरतो. गुंडाळी असेल तर ते गृहीत धरता येत नाही. त्या दिवशी मी गाडी पुढे न नेता गास्केट बदलले आणि तेलकट भागाची पट्टी कापून टाकली. सगळी गुंडाळी त्याच दिवशी काढायला हवी होती, असे आज मला वाटते.

दिवाळीनंतर गाडी सुरू करताना टिकटिक असा आवाज येऊ लागला, जो इंजिन तापल्यावर कमी होई. सुरुवातीला तो टॅपेटचा वाटला. क्लिअरन्स तपासून घेतला, तो योग्य होता. मग काचा बंद असताना केबिनमध्ये धुराचा वास जाणवला आणि माझ्या मनात भीती शिरली, कारण धुरातला विषारी कार्बन मोनॉक्साइड वासाने ओळखता येत नाही आणि फायरवॉलच्या (इंजिन व केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या) फटींतून तो आत येऊ शकतो. रत्नागिरीतल्या ज्या मिस्त्रींकडे गाडी नेली, त्यांनी गुंडाळी पाहताच ती कापायला सांगितली. पट्टी सोडवावी लागलीच नाही. कात्री लावल्यावर आतून तांबड्या भुकटीसह पापुद्रे गळून पडले. पहिल्या फाट्यावर फ्लँजच्या वेल्डलगत पाइपच्या निम्म्या घेरापर्यंत गेलेली चीर होती. तिन्ही फाटे जिथे एकत्र येतात तिथे खालच्या बाजूला, जिथे पाणी साचून राहत असे, धातू स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने भोसकता येईल इतका पातळ झाला होता. दीड वर्षापूर्वीचा १.६ मिलिमीटरचा पाइप तो हाच, हे डोळ्यांना पटत नव्हते. गुंडाळी नसती तरी कोकणच्या हवेत पाइप गंजला असता. पण तो गंज आणि ती चीर मला बाहेरून महिनोन्महिने आधी दिसली असती. वेळीच पाहता न येणे, हा गुंडाळीच्या तोट्यांतला मला सर्वात मोठा तोटा वाटतो.

खरे निदान त्यानंतर झाले. मिस्त्रींनी हेडर उतरवून त्याची फ्लँज इनलेट मॅनिफोल्डच्या फ्लँजशेजारी धरली आणि बोट फिरवायला सांगितले. हेडरची फ्लँज जाड होती. वर सांगितलेले समाईक वॉशर दोन्ही फ्लँजवर सपाट बसायला हवेत. ते हेडरवर टेकून तिरपे होत होते आणि इनलेटवर पुरेसा दाब येतच नव्हता. गास्केटवर इनलेट पोर्टच्या कडेने काजळीविरहित, फिकट अशी वाट दिसत होती. म्हणजे हेडर बसवल्या दिवसापासून इनलेट बाहेरची हवा ओढत होते, मिश्रण पातळ होत होते, आणि पातळ मिश्रण सावकाश जळत असल्याने धूर असायला हवा त्यापेक्षा अधिक गरम बाहेर पडत होता. त्यातच माझ्या गाडीचे इग्निशन टायमिंगही (ठिणगी पडण्याची वेळ) मागे सरकलेले निघाले, म्हणजे ठिणगी उशिरा पडत होती, आणि मागे सरकलेले टायमिंग एक्झॉस्टचे तापमान हमखास वाढवते. ओतीव मॅनिफोल्ड असताना न होणारा त्रास हेडरनंतर का सुरू झाला, या मी न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर इथे होते. पातळ पाइप हे त्याचे एक कारण होते, एकमेव नव्हे. गुंडाळीने लक्षण झाकले आणि जास्तीच्या उष्णतेला धातूतच कोंडले.

दुरुस्ती करताना हेडर पुन्हा बनवायचा नाही, हे आधी ठरवले. मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात मूळ पद्धतीचा ओतीव मॅनिफोल्ड मिळाला. त्याच्या आणि इनलेटच्या फ्लँज एकत्र धरून एकाच पातळीत घासून घेतल्या, नवे गास्केट घातले. कार्ब्युरेटर आणि इनलेट यांच्यामध्ये जाड बेकेलाइटचा स्पेसर बसवला, म्हणजे धातूतून वर चढणारी उष्णता अडते. कार्ब्युरेटरच्या खाली ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे कवच, मॅनिफोल्डपासून साधारण पाऊण इंच अंतर सोडून बसवले. चकचकीत ॲल्युमिनियम स्वतःवर किरणांच्या रूपाने पडलेली बहुतेक उष्णता परतवते आणि मधल्या जागेतून हवा वाहत राहते. मॅनिफोल्ड मात्र उघडाच असल्याने त्याला निवायला वाव राहतो, पावसाचे पाणी वाळते, आणि टॉर्च मारून प्रत्येक भाग पाहता येतो. पेट्रोलची नळी मॅनिफोल्डजवळून जात होती ती दूर नेली आणि तिच्यावर परावर्तक आवरण चढवले. तापणाऱ्या वस्तूला कोंडण्याऐवजी तापू नये अशा वस्तूला वाचवायचे, असा हा क्रम होता, आणि सगळ्याचा मिळून खर्च हेडर व गुंडाळी यांच्या एकत्रित खर्चापेक्षा कमी आला.

अशा गाडीसाठी मी गुंडाळीच्या विरोधात आहे, पण सर्वच गाड्यांसाठी नाही, आणि हा भेद नीट मांडला पाहिजे. रॅलीच्या किंवा ट्रॅकवरच्या गाडीत प्रत्येक स्पर्धेनंतर हेडर तपासला जातो, तो काही काळाने बदलायचाच असतो, गाडी पावसाळाभर अंगणात उभी राहत नाही, आणि चालकाच्या पायाशी वा पेट्रोलच्या नळीशी असलेली उष्णता कमी करणे हा सुरक्षिततेचा भाग असतो. तिथे गुंडाळी योग्यच आहे. टर्बो असलेल्या, म्हणजे धुराच्या जोरावर फिरणाऱ्या टर्बाइनने आत जास्त हवा कोंबणाऱ्या, इंजिनात टर्बाइनच्या आधीच्या पाइपातली उष्णता टिकवणे म्हणजे टर्बोला मिळणारी ऊर्जा टिकवणे, म्हणून तिथेही तिला अर्थ आहे, मात्र पाइप त्या तापमानाला टिकणाऱ्या धातूचा असला पाहिजे आणि पट्टीही तेवढी सोसणारी हवी. टर्बो पेट्रोल इंजिनाचा धूर पूर्ण भाराखाली ९०० अंशांच्याही पुढे जातो. साध्या काचतंतूंची पट्टी तिथे ठिसूळ होऊन झडते, आणि बेसॉल्ट म्हणजे ज्वालामुखी खडकाच्या तंतूंची पट्टी अधिक टिकते. झिर्कोनियासारख्या सिरॅमिकचा लेप हा तिसरा पर्याय. तो पाणी किंवा ऑइल शोषत नाही आणि चीर लपवत नाही. आतून-बाहेरून दोन्हीकडे दिला तर धातूचेही थोडे रक्षण करतो. पण तो चांगल्या ठिकाणी करून घ्यावा लागतो आणि स्वस्त नसतो.

बीएस ६ गाडीच्या मालकाने या वाटेला जाऊच नये. तिच्यात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले घातक वायू निवळणारा भाग) मॅनिफोल्डला लागूनच असतो, काही इंजिनांत तर मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला असतो, आणि कन्व्हर्टरचे व ऑक्सिजन सेन्सरचे तापमान कंपनीने त्या विशिष्ट कवचांसह जुळवलेले असते. कन्व्हर्टर लवकर तापावा हे खरे, कारण २५० ते ३०० अंशांच्या खाली तो काम करत नाही. पण तो अति तापला तर निकामी होतो. त्या गाडीत कवचाचा पत्रा सैल होऊन खडखडत असेल, तर तो काढून टाकून पट्टी गुंडाळू नये, पत्राच पुन्हा बसवून घ्यावा.

आमच्या ॲम्बॅसडरने त्यानंतर दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे पाहिले. मे महिन्यात ती घेऊन मी पुन्हा नागपूरला गेलो, तेव्हा थांबून पुन्हा सुरू करताना एकदाच, वर्ध्याच्या अलीकडे, तिने दुसऱ्यांदा किल्ली मागितली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी बॉनेट उघडतो, मॅनिफोल्डचे नट गार असताना हाताने तपासतो, गास्केटच्या कडेला काजळीची रेघ उमटली आहे का ते पाहतो, टॅपेट कव्हरच्या कडेवरून बोट फिरवून ऑइल लागते का ते बघतो. मॅनिफोल्डवर तांबूस गंजाचा पातळ थर आहे, आणि तो मला दिसतो आहे.